घरातले नवे राखणदार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहीजणींना वाटले असेल, की हे काम इंजिनियरांचे. आपला त्याच्याशी काय संबंध? पण घराच्या किल्ल्या जिच्या कमरेला, तिचाच हा विषय आहे, असे मी म्हणते.

दारावरचा कॅमेरा, वायफायचा राउटर, हाकेसरशी लागणारा दिवा या वस्तू दिसतात साध्या. पण प्रत्येकीच्या पोटात एक लहानसा संगणक असतो. दारात माणूस आला की मांजर, हे पुष्कळ कॅमेरे आता दूरच्या मोठ्या संगणकाला न विचारता स्वतःच ओळखतात. सोय खरीच, पण संगणक घरात आला, तशी त्याच्या राखणीची जबाबदारीही घरात आली.

२०१६ साली ‘मिराई’ नावाचा एक घातकी प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. कुलूप फोडण्याची त्याला गरजच पडली नाही. कारखान्यात घातलेल्या नावांच्या व पासवर्डांच्या साठेक जोड्या त्याच्यापाशी होत्या. त्या दारोदार लावून पाहत तो लाखो कॅमेऱ्यांत व राउटरांत शिरला. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांनी अमेरिकेतील ‘डाइन’ या कंपनीवर एकदम मागण्यांचा भडिमार केला. इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणे हे तिचे काम. ते अडले आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी स्थळे कित्येकांना काही तास उघडेनात. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना मात्र याचा पत्ताही नसावा. कारण कॅमेरे नेहमीप्रमाणे चालतच होते!

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच, सहज ओळखता येईल असा पासवर्ड घालून अशी उपकरणे विकण्यास कायद्याने बंदी झाली. पण आपल्या घरात आधीच बसलेल्या वस्तूंचे काय? ते आपणच पाहावयास हवे.

नवे भांडे आणले की आपण त्यावर नाव घालून घेतो. तसेच नवे उपकरण आले, की पहिल्याच दिवशी त्याचा पासवर्ड बदलावा. प्रत्येकाचा निराळा ठेवावा व वहीत लिहून ती वही कपाटात ठेवावी. कंपनीकडून सुधारणा आली, की ती घालून घ्यावी. ज्या वस्तूला सुधारणा येणे बंद झाले, ती इंटरनेटपासून तोडावी. आणि निजण्याच्या खोलीत कॅमेरा मुळीच नको.

भगिनींनो, आपले दार उघडे राहिले, तर चोर आपल्याच घरून शेजाऱ्यावर दगड मारू शकतो. म्हणून ही दक्षता म्हणजे शेजारधर्मच आहे. आज घरी गेल्यावर निदान राउटरचा पासवर्ड तरी पाहा, एवढे सांगून मी आपली रजा घेते.