रामटेक: दोन मुक्काम, पायी

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘व्याख्यान’ असं छापलं आहे. व्याख्यान कसलं! मी बांधकाम खात्यातला उपयंत्री, डिप्लोमावाला माणूस. अंदाजपत्रक करणं हे माझं रोजचं काम. तेव्हा हे मंडळाच्या यंदाच्या सहलीचं अंदाजपत्रक समजा. कार्यकारिणीने रामटेक सुचवलं आहे. जायचं की नाही हा प्रश्न नाही, कसं जायचं हा आहे. बस करून एका दिवसात उरकायचं, की दोन रात्री राहून पायी फिरायचं? मी दुसऱ्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आपल्यापैकी रामटेक न पाहिलेला माणूस सापडायचा नाही. पण पाहिलं कसं? सकाळी गाडी निघते, नागपूर ओलांडून मनसरला वळते, घाटरस्त्याने थेट गडावर चढते. रामाचं दर्शन, माकडांना फुटाणे, एक फोटो. खाली खिंडसीला नावेत एक चक्कर, वाटेत जेवण, रात्री दहाला घरी. आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्या आज्या? त्या बसमध्येच. ‘तुम्ही जाऊन या, आम्ही इथूनच हात जोडतो.’ हे वाक्य मी आपल्या सहलींमध्ये इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते कार्यक्रमपत्रिकेतच छापावं.

माझा भाचा कंपनीच्या कामाने जपानला गेला होता. क्योटोमध्ये त्याने दोन दिवस जास्तीचे काढले. तिथे शहराच्या पूर्वेला हिगाशियामा नावाचा जुना भाग आहे. टेकडीवर कियोमिझु-देरा हे मंदिर, उंच लाकडी खांबांवर तोललेला त्याचा सज्जा, आणि तिथून उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या: सान्नेनझाका, निनेनझाका. तो म्हणाला, ‘मामा, लोक तिथे जवळच मुक्काम करतात, पहाटे उठतात आणि देवळातून देवळाकडे पायीच जातात. म्हातारी माणसंसुद्धा. घाई नाही.’ मी त्याला म्हटलं, टेकडी, तळं, दगडी पायऱ्या, दीड हजार वर्षांची देवळं, हे सगळं आपल्या घरापासून अर्ध्या दिवसावर आहे. फक्त तिथे आपण राहत नाही.

आणि रामटेक आपल्याला परकं नाही. आज आपला जिल्हा मध्य प्रदेशात आहे. २०२३ पर्यंत आपण छिंदवाड्यात होतो, आता पांढुर्णा हाच जिल्हा झाला. पण १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती आणि त्याआधी हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. घरात कोणी गेलं की अस्थी घेऊन अंबाळ्याला जायची रीत आपल्या कितीतरी घरांत आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची हद्द बदलली, अंबाळ्याची वाट काही बदलली नाही.

आता वेळ. आपल्याकडे शेती असणारी मंडळी जास्त, म्हणून आधी बागेचा विचार. दिवाळीच्या पुढेमागे अंबिया बहाराची तोड, मग कापसाची वेचणी. फेब्रुवारीपासून मृगाचा माल सुरू होतो. मध्ये जानेवारीचा उत्तरार्ध जरा मोकळा सापडतो. थंडी असते, आकाश स्वच्छ असतं. त्रिपुरी पौर्णिमेला जाऊ नये असं माझं मत आहे. गडावर त्रिपूर पेटतो तो सोहळा बघण्यासारखा आहे, पण त्या गर्दीत साठ माणसांचा गट सांभाळणं म्हणजे गोटमारीच्या दिवशी जांब नदीच्या काठाने लग्नाची वरात नेणं. रामनवमीलाही तेच, वर ऊन.

जाण्याचं म्हणाल तर सौंसरकरांची सोय चांगली आहे. छिंदवाडा लाईनची गाडी इतवारीला जाते आणि रामटेकची गाडी इतवारीहूनच सुटते. पांढुर्णेकरांनी नागपूरला उतरून ऑटोने इतवारी गाठायची. वेळापत्रक निघायच्या आठवड्यात बघून घ्यावं, ते काम माझ्याकडे. रामटेकचं स्टेशन गावापासून जरा लांब आहे, तिथून पुन्हा ऑटो. ज्यांना हे चढणं-उतरणं नको त्यांच्यासाठी एक छोटी गाडी सोबत ठेवू. ती गाडी का लागणार ते पुढे सांगतो.

मुक्काम गावात, टेकडीच्या पायथ्याशी. धर्मशाळा आहेत, लॉज आहेत. शांतिनाथाच्या जैन मंदिराच्या आवारातही उतरण्याची सोय आहे, पण तिथले नियम पाळायचे: सूर्यास्तानंतर जेवण नाही. आपल्याकडच्या काहींना ते जड जाईल, त्यांनी आधीच सांगावं. ते मंदिर मात्र पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांनी बघायचं. शांतिनाथांची उभी मूर्ती माणसाच्या दुपटीहून उंच आहे. मग बाजारातून चक्कर आणि पान. रामटेकचे पानमळे जुने, बारई लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले. पहिल्या दिवशी एवढंच. लवकर झोपायचं.

दुसरा दिवस खरा. सकाळी सहाला अंबाळ्याकडे निघायचं. जुन्या यात्रेकरूंचा क्रम असा होता: आधी अंबाळ्यात स्नान, मग तिथल्या पायऱ्यांनी गडावर, दर्शन, आणि उतरायचं ते गावाच्या बाजूने. गाडीरस्ता झाला आणि हा क्रम मोडला. माझं सगळं म्हणणं या एका क्रमात आहे. टेकडी घोड्याच्या नालेसारखी वळलेली आहे आणि तिच्या कुशीत हे तळं आहे. चारी बाजूंनी घाट आणि काठावर लहान-मोठी देवळं. सकाळी धुकं असतं, समोरची टेकडी पाण्यात दिसते आणि कुठल्या तरी घाटावर एखादं कुटुंब गुरुजींसमोर बसलेलं असतं.

मागच्या जानेवारीत आईला नेलं होतं. तिचं वय एकाहत्तर. बाबांच्या अस्थी आम्ही भावांनी तेरा वर्षांपूर्वी अंबाळ्यातच सोडल्या. दोन तासांत काम आटोपून परतलो होतो, गुरुजींच्या पुढच्या घरची माणसं रांगेत होती. आईला तेव्हा नेलं नव्हतं. बायका जात नाहीत, असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलं होतं. परवा ती घाटावर बसली आणि म्हणाली, ‘कुठल्या पायरीवरून सोडलं?’ मी दाखवली. ती तिथे जाऊन बसली, पाण्यात हात घातला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला वाटायचं नदी असेल. तळं आहे होय.’ तेरा वर्षं तिच्या डोळ्यांपुढे भलतीच जागा होती. या सभागृहात अशा किती जणी बसल्या आहेत ते मी विचारत नाही. पण बस गडावर जाते तेव्हा अंबाळा वाटेत लागत नाही, आणि ‘वेळ उरला तर बघू’ या यादीत तो जातो. वेळ कधी उरत नाही. म्हणून अंबाळा पहिला.

आता पायऱ्या. दगडी आहेत, जुन्या आहेत, सगळ्या एका उंचीच्या नाहीत. आमच्या अंदाजपत्रकात पायरी ठरल्या मापाची असते, तशी अपेक्षा ठेवू नका. सगळे घाबरतात ते चढायला. मी सांगतो, चढणाऱ्याला दम लागतो, उतरणाऱ्याचा गुडघा जातो. दमाला उपाय आहे: बसायचं. उतरताना शरीराचा भार प्रत्येक पायरीला गुडघ्यावर आदळतो, त्याला बसून उपाय नाही. म्हणून ज्यांचे गुडघे दुखतात पण छाती ठीक आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून हळूहळू चढावं आणि उतरताना गाडीने यावं. त्यासाठी ती छोटी गाडी दुपारी वर येऊन थांबेल. आई आणि आत्या दर वीस-पंचवीस पायऱ्यांना बसत चढल्या. आम्हाला कोणी वेळ लावून दिली नव्हती. ज्यांना मुळीच जमणार नाही ते अंबाळ्याहून गाडीनेच वर येतील. वर आपण सगळे एकत्र भेटू. बसमध्ये कोणी राहणार नाही.

वर गेल्यावर लगेच रामाकडे धावू नका. दरवाजात शिरण्याआधी नरसिंहाची दोन देवळं आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. गाडीने येणारे बहुतेक जण ही पाहतच नाहीत. बाहेरून साधी, चौकोनी खांबांची, सपाट छताची. आत एक गुडघा वर करून ऐसपैस बसलेला नरसिंह, हातात चक्र. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, रागही नाही. ही देवळं वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. महाराष्ट्रात दगडात बांधून काढलेली यापेक्षा जुनी देवळं फारशी नाहीत. लेणी आहेत, पण ती कोरलेली. बांधकामवाल्याला हा फरक मोठा वाटतो, बरं का.

केवल नरसिंहाच्या भिंतीत एक शिलालेख आहे. चुन्याच्या थराखाली तो शतकानुशतकं दडलेला होता, १९८० नंतर उजेडात आला. बराच झिजलेला आहे. संशोधकांनी तो वाचला त्यातून असं दिसतं की हे देऊळ प्रभावतीगुप्ता राणीच्या स्मरणार्थ तिच्या मुलीने उभारलं. प्रभावतीगुप्ता म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. नवरा लवकर गेला, मुलं लहान, तेव्हा राज्य तिने चालवलं. तिची राजधानी नंदिवर्धन म्हणजे जवळचंच नगरधन. तिथल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे. अमरावतीकडच्या रिद्धपूरला मिळालेला तिचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या पायापासून दिलेला आहे. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मुलीने बांधलं ना? बघ.’ माझी बहीण सोबत होती. ती हसली, मी गप्प.

मग वराह. मोठा दगडी वराह, त्याच्या पायांमधून सरपटत पलीकडे जायची रीत आहे. आपल्यातल्या काही पोटांनी तो प्रयोग करू नये. पुढे एकामागून एक दरवाजे, वराह, सिंगपूर, भैरव, गोकुळ. तटाची आणि देवळांची दुरुस्ती भोसल्यांच्या काळातली. आत गेल्यावर आधी लक्ष्मणाचं देऊळ, त्याच्यामागे रामाचं. लक्ष्मणाच्या देवळात यादवांच्या काळचा शिलालेख आहे. महानुभाव मंडळींनी भोगरामाकडे जरूर जावं, चक्रधर स्वामींच्या इथल्या वास्तव्याचं लीळाचरित्रात वर्णन आहे. आणि सगळ्यांनी पिशव्या सांभाळा. वरची काळतोंडी माकडं प्रसादाची पिशवी आणि औषधाची पिशवी यांत फरक करत नाहीत.

दुपारी कालिदास स्मारकाशी बसू. मेघदूतातला यक्ष रामगिरीवर शिक्षा भोगत होता. तो रामगिरी म्हणजे रामटेक, हे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी हिरीरीने मांडलं. काही जण चित्रकूट म्हणतात, काही सरगुजाकडचा रामगड. मी मिराशींच्या बाजूचा, त्यात थोडा स्वार्थही आहे. यक्षाने मेघाला जो रस्ता सांगितला तो उत्तरेला: नर्मदा, विदिशा, उज्जैन. म्हणजे तो ढग निघाल्या निघाल्या आपल्याच राज्यात शिरला. इथे शाळकरी मुलांनी मेघाचा रस्ता नकाशावर दाखवायचा, असा कार्यक्रम ठेवू.

उतरताना धडधाकट मंडळी गावाच्या पायऱ्यांनी, बाकीचे गाडीने.

तिसऱ्या दिवशी सकाळी यादवकाळची कापूर बावडी. खाली पाणी आणि भोवती ओवऱ्या. तिथून ऑटोने मनसर, पाच-सहा किलोमीटर. हिडिंबा टेकडी म्हणून लोक जिला ओळखत होते तिथे १९९७ नंतर खोदकाम झालं आणि भल्या मोठ्या विटांचं प्रचंड बांधकाम निघालं. प्रवरेश्वराच्या नावाची मुद्रा मिळाली, त्यावरून ही दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर असावी असं अभ्यासक मानतात. हा प्रवरसेन प्रभावतीगुप्तेचा मुलगा. महाराष्ट्री प्राकृतातलं ‘सेतुबंध’ हे काव्य त्याच्या नावावर आहे. आपण बोलतो त्या भाषेचं जुनं रूप. खिंडसीला मी वेळ ठेवलेला नाही. ज्यांना नावेत बसायचं आहे त्यांनी मनसर सोडावं. पण मनसर सोडू नका.

दुपारी जेवण. रोडगे आणि वांग्याची भाजी करायची असेल तर सामान इथून न्यावं लागेल, आणि जामसावळीला दरवेळी करणाऱ्या आपल्या भगिनींनी या वेळी सुट्टी घ्यावी. पुरुष मंडळी करतील. (टाळ्या वाजवणाऱ्यांची नावं मी लिहून घेतली आहेत.)

खोल्यांची चौकशी आताच करावी लागेल, म्हणून नावं अनंत चतुर्दशीच्या आधी खजिनदारांकडे द्या. नावापुढे तीन गोष्टी लिहा: पायऱ्या चढणार की गाडीने येणार, रात्रीचं जेवण सूर्यास्ताआधी चालेल का, आणि अंबाळ्यावर तुमच्या घरचं कोणी आहे का. ज्यांचं असेल त्यांना त्या सकाळी वेगळा वेळ ठेवू. गुरुजींना तसं सांगता येईल.