तीन आठवड्यांची विद्या

जी विद्या नटानें वयाच्या सातव्या वर्षीं आरंभावी आणि देह पडेपर्यंत शिकत राहावी, ती परक्या माणसाला तीन आठवड्यांत शिकवावयास बसणें हा वेडेपणा नव्हे काय? जपानांतील क्योतो शहरीं हा वेडेपणा १९८४ सालीं सुरू झाला. ऐन उन्हाळ्यांत तीन आठवड्यांचा एक वर्ग योजून तेथें जपानच्या जुन्या नाट्यकला शिकविण्याचा उपक्रम निघाला. परदेशचे आणि खुद्द जपानचेहि विद्यार्थी त्यांत आले; कोणी नट, कोणी नर्तक, कोणी नुसते जिज्ञासू. पुढें हा वर्ग ज्या क्योतो कलाकेंद्राकडे आला, तें केंद्र २००० सालीं मेइरिन नांवाच्या जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतींत उघडलें. ती शाळा १८६९ सालची. १९९३ मध्यें बंद पडलेली. बंद शाळेंत पुन्हां विद्यार्थी बसले, हें ऐकून माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाला बरें वाटलें, तर नवल नाहीं.

तेथें शिकावयाच्या कलांपैकीं 'नो' हें मुखवट्यांचें, संथ आणि गंभीर गायन-नर्तनाचें नाट्य; 'क्योगेन' हें त्याच रंगभूमीवरचें विनोदी भावंड. झेआमि हा नो नाट्याचा थोर आचार्य सहाशें वर्षांपूर्वीं होऊन गेला. शिक्षणाचा आरंभ सातव्या वर्षीं व्हावा, हें त्याचेंच मत. मग तीन आठवड्यांत गुरु शिकवितो तरी काय?

प्रथम तो उभें राहावयास शिकवितो. गुडघे किंचित् वांकलेले, पाठ ताठ, शरीराचा भार जरासा पुढें; या पवित्र्याला 'कामाए' म्हणतात. मग चालणें. पायांत पांढरे मोजे घालून, टांच जमिनीवरून न उचलतां, पाऊल सरकवीत जावयाचें. क्योतो तीन बाजूंनीं डोंगरांनीं वेढलेलें. तेथला उन्हाळा दमट आणि उबट. त्या उकाड्यांत शिष्य पुनःपुन्हां तेंच चालणें चालतो. क्योगेनचा गुरु एक वाक्य ठराविक स्वरांत म्हणतो, शिष्य तें तसेंच परत म्हणतो. अर्थाची चर्चा मागाहून. आपण ज्याला पोपटपंची म्हणतों, त्या रीतीला तेथेंहि पोपटाचेंच नांव आहे. मात्र तेथें ती शिवी नाहीं.

'कोत्सुझुमि' नांवाचें एक लहान वाद्य आहे. घाट आपल्या डमरूसारखा, पण तें खांद्यावर धरून हातानें वाजवितात. त्याचे मुख्य बोल चार : पो, पु, ता आणि चि. तबल्याचे बोल आधीं तोंडानें म्हणून मग बोटांत उतरविणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ही पद्धति मुळींच परकी वाटणार नाहीं.

अखेरीस खऱ्या नो रंगभूमीवर शिष्यांचा प्रयोग होतो. सुमारें सहा मीटर लांब-रुंद लांकडी मंच, मागें रंगविलेला पाइनचा वृक्ष आणि समोर प्रेक्षक. नर्तन कांहीं मिनिटांचेंच. नो नाट्याच्या अशा नर्तनांत मुखवटाहि नसतो. तेवढ्यानें कोणी नट होत नाहीं, हें गुरूला पक्कें ठाऊक असतें.

मग हा खटाटोप कशासाठीं? याचें उत्तर इतिहासांत आहे. १८६८ च्या राज्यक्रांतींत सरदारांचा आश्रय तुटला. नट उघड्यावर पडले. कित्येकांनीं पोटासाठीं मुखवटे आणि वस्त्रें विकलीं. ती कला पुढें तगली, त्यांत हौसेनें गाणें-नाचणें शिकणाऱ्या सामान्य शिष्यांचा वांटा मोठा आहे. ते नट झाले नाहींत; ते जाणते प्रेक्षक झाले. २००८ सालीं युनेस्कोच्या यादींत या कलेचें नांव लागलें खरें, पण यादी कांहीं प्रयोगाला येऊन बसत नाहीं. एक पाऊल नीट सरकविण्यास किती घाम गाळावा लागतो, हें ज्यानें स्वतः अनुभविलें, तो दुसऱ्याचें पाऊल निराळ्या डोळ्यांनीं पाहतो.

येथें मला माझा एक अपराध सांगावयाचा आहे. माझ्या वर्गांतला एक मुलगा तबला शिकत असे. शालान्त परीक्षेचें वर्ष आलें तेव्हां त्याचे वडील सल्ला विचारावयास आले. मीं म्हटलें, "बंद करा. तो कांहीं तबलजी होणार नाहीं." तबला बंद झाला. मुलगा उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाला, मोठ्या हुद्द्यावर चढला. गेल्या वर्षीं एका मैफलींत तो शेजारीं बसला होता. सम आली, सारी बैठक डोलली, आणि तो हळूच मला म्हणाला, "सर, सम कोठें येते, तें आतां मला कळत नाहीं." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता; म्हणूनच तें मला अधिक लागलें.

तो तबलजी होणार नव्हता, हें माझें भाकीत खरें ठरलें. परंतु तबला शिकण्याचें तेवढेंच फळ असतें, हा माझा समज खोटा होता. परीक्षेच्या वर्षीं आठवड्याचा एक तास ठेवा, एवढें जरी मीं म्हटलें असतें, तरी पुरें होतें.

श्रोतेहो, आपल्या घरचें मूल पेटीशीं वा घुंगरांशीं झटत असेल, तर "यांतून पुढें काय होणार?" हा प्रश्न जरा आवरून धरा. फार कांहीं होणार नाहीं कदाचित्. पण समेवर त्याची मान हलेल. माझ्या विद्यार्थ्याची ती मीं हलूं दिली नाहीं.