खेळाडूचं घर कशावर चालतं?

मुरुमहून मी तुमची बचत गटाची समन्वयक बोलतेय. हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी पंधरा हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "लेकीला खो-खोच्या शिबिराला पाठवायचंय. बूट घ्यायचेत, वर्षभर जायला-यायला लागतंय." सगळ्या गप्प झाल्या. मग आमच्यातल्या एक आजी बोलल्या, "शेळीला पैसे दिले तर करडं होत्यात. खेळाला दिलेलं कुठनं परत येणार?"

आजींचा प्रश्न चुकीचा नव्हता. गटातला रुपया न् रुपया सगळ्यांच्या घामाचा आहे. आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळे भारताच्या खो-खो संघाच्या कर्णधार झाल्या, २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, हे मी सांगितलं. आजी म्हणाल्या, "एकीचं झालं गं. बाकीच्यांचं काय?" त्यावर मला उत्तर देता येईना. म्हणून घरी येऊन मी शोधायला बसले, की निव्वळ खेळावर पोट भरणाऱ्या माणसाचा हिशोब असतो तरी कसा?

त्यासाठी मी गोल्फ हा खेळ निवडला. आपल्याकडे तो कुणी खेळत नाही, श्रीमंतांचा खेळ म्हणतात. पण त्यात ना पगार, ना महिन्याचं मानधन, त्यामुळे हिशोब उघडा दिसतो. मोठ्या हिरव्या मैदानात अठरा खळगे असतात. काठीनं चेंडू मारत मारत एकेका खळग्यात घालायचा. ज्याला सगळ्यात कमी फटके लागले, तो जिंकला.

मोठी स्पर्धा बहुतेक चार दिवसांची असते. दोन दिवस झाले की मागे पडलेल्यांना बाहेर काढतात, त्यांचं पुढचं खेळणं बंद. बहुतेक स्पर्धांत त्यांना एक रुपयाही मिळत नाही. पण विमानाचं तिकीट, राहणं, जेवण आणि पिशवी उचलणाऱ्या मदतनिसाचे पैसे, ज्याला कॅडी म्हणतात, हा खर्च झालेला असतोच. म्हणजे खर्च आधी आणि नक्की, कमाई नंतर आणि बेभरवशाची. आपल्या सोयाबीनसारखंच आहे की नाही?

पुण्याचे उदयन माने हे व्यावसायिक गोल्फपटू. देशातल्या स्पर्धा जिंकत ते पुढे आले. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांत जगातून फक्त साठ जणांना जागा होती आणि माने यांचं नाव राखीव यादीत होतं. २०२१ च्या जुलै महिन्यात अर्जेंटिनाच्या एका खेळाडूनं माघार घेतली आणि ती जागा यांना मिळाली. तिथं ते शेवटच्या काही जणांत राहिले, पदक दूरच. पण स्पर्धेला महिनाही उरला नसताना बोलावणं आलं आणि हा माणूस जाऊन खेळला, कारण नाव येवो न येवो, सराव सोडला नव्हता.

त्याच ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक होती. पाचव्या-सहाव्या वर्षी खेळायला लागली. २०१५ च्या डिसेंबरमध्ये मोरोक्को देशात युरोपच्या दौऱ्याची पात्रता स्पर्धा जिंकली, तेव्हा वय सतरा. दुसऱ्या वर्षी त्या दौऱ्यावरची स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय बाई ठरली. टोकियोत तिची पिशवी उचलायला कोण होतं माहितेय? तिची आई. त्याच वर्षी अदितीला करोना होऊन गेला होता, चेंडू लांब मारायची ताकद कमी झाली होती. मग तिनं खळग्याजवळच्या नाजूक फटक्यांवर भर दिला आणि चौथी आली. एका फटक्यानं पदक हुकलं.

आता आजींच्या प्रश्नाकडे येते. अदितीनं युरोपच्या दौऱ्यावर २०१६ मध्ये दोन स्पर्धा जिंकल्या, २०१७ मध्ये एक. त्यानंतरची थेट २०२३ मध्ये, केनियात. मधली पाच वर्षं त्या दौऱ्यावर एकही विजय नाही! पण ती खेळत राहिली. कारण जिंकली नाही तरी वरच्या क्रमांकात आलं की बक्षिसातला वाटा मिळतो. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत शेवटच्या दिवशी सकाळी ती सात फटक्यांनी पुढे होती. सोनं हातात आल्यासारखंच. तो दिवस वाईट गेला आणि रुपं मिळालं. गोल्फमध्ये आशियाई स्पर्धेत पदक मिळवणारी तरीही ती पहिली भारतीय बाई. दोन महिन्यांच्या आत स्पेनमध्ये जाऊन तिनं आणखी एक स्पर्धा जिंकली.

यातून मला एवढं कळलं, की खेळाडूचं घर बक्षिसावर चालवायला गेलं तर बुडतं. न जिंकलेले महिने कशावर काढायचे, हे आधी ठरवावं लागतं.

अजून एक गोष्ट मला फार आवडली. गोल्फमध्ये तुमचे फटके सोबतचा खेळाडू लिहितो. शेवटी तुम्ही ते तपासून खाली सही करायची. झाले त्यापेक्षा कमी फटके लिहिलेल्या कागदावर सही केली, तर स्पर्धेतूनच बाद. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय? हिशोबाच्या नोंदी. आपल्यासारखंच पुस्तक त्यांनाही चुकलं नाही.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. दोन तास चर्चा झाली, आवाजही चढले. शेवटी कर्ज मंजूर झालं, पण तीन अटींवर. आधी आठ हजार द्यायचे, उरलेले तीन महिन्यांनी. खेळाच्या खर्चाची वही वेगळी ठेवून बैठकीत दाखवायची. आणि हप्ता लेकीच्या बक्षिसावर ठेवायचा नाही, तो आईच्या शिलाईच्या पैशातून दर महिन्याला भरायचा. लेक हरली तरी हप्ता थांबणार नाही आणि हप्त्यासाठी तिच्यावर जिंकायचं ओझं येणार नाही.

ठरावावर आजींनी अंगठा दिला. वर म्हणाल्या, "वही मी बघणार बरं का, वाचता येत नसलं तरी!" पहिला हप्ता वेळेवर आलाय. पोरगी पहाटे पाचला उठून पळतेय. पुढं काय होईल ते आज कुणालाच सांगता येणार नाही.

तुमच्या गटात अशी मागणी आली तर "खेळून पोट भरतं का" म्हणून लगेच उठवून लावू नका, आणि कौतुकापोटी डोळे झाकून पैसेही देऊ नका. त्या बाईला शेजारी बसवा आणि विचारा, वर्षाचा खर्च किती, आणि न जिंकलेल्या महिन्यात हप्ता कुठून भरणार? उत्तर तिच्याकडून लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा आणि तिला वाचून दाखवा.

येते मग. नमस्कार.