उपनगरातली लेणी पाहताना

दरवर्षी १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबरला जागतिक वारसा सप्ताह साजरा होतो. अशा वेळी मुंबईकरांची पावलं फोर्टकडे, सीएसएमटीकडे वळतात. खरं तर आपल्या उपनगरांतली लेणी त्या इमारतींपेक्षा शेकडो वर्षांनी जुनी आहेत.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी घ्या. शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत तिथे! चैत्यगृह भव्य आहेच, पण थोडं थांबून पायाखालचा कातळ बघा. पावसाचं पाणी वळवायला त्यात पन्हळी खोदल्या आहेत. हे पाणी लेण्यांपाशी कोरलेल्या टाक्यांत साठायचं. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंची तहान या पोढींनी भागवली.

तिथून मंडपेश्वर फार लांब नाही. मूळचं हे शिवलेणं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथे चर्च केलं. आज आत भग्न नटराज दिसतो, एका भिंतीवर कोरलेला क्रूस दिसतो आणि लेण्याच्या माथ्यावर पोर्तुगीज मठाचे अवशेष उभे आहेत. महाशिवरात्रीला इथे भाविकांची रांग लागते. वारशाचा याहून जिवंत उत्सव मी तरी पाहिलेला नाही.

अंधेरीकरांना महाकाली लेणी जवळ आहेत. येत्या वारसा सप्ताहात मुलांना घेऊन यांपैकी एका ठिकाणी जरूर जा. कान्हेरी सोमवारी बंद असते, तेवढं लक्षात ठेवा. आणि भिंतींवर नावं कोरू नका, कोणी कोरत असेल तर त्याला थांबवा.