दुर्बीण अवकाशात कशासाठी?

पुणे जिल्ह्यात खोडदला एवढी मोठी रेडिओ दुर्बीण आहे. मग अवकाशात दुर्बीण पाठवायची कशाला? प्रश्न रास्त आहे. रेडिओ लहरी जमिनीपर्यंत पोहोचतात. क्ष-किरण मात्र पोहोचत नाहीत. अतिनील किरणही बहुतेक वातावरणातच अडतात. ते टिपायचे, तर वातावरणाच्या वर जायलाच हवं.

म्हणून 2015 साली इस्रोने ॲस्ट्रोसॅट ही वेधशाळा अवकाशात पाठवली. तिची अतिनील दुर्बीण हबल या अवकाश दुर्बिणीपेक्षा खूप लहान. मग तिचा उपयोग काय? उत्तर 2020 साली मिळालं. पुण्याच्या आयुका संस्थेतले कनक साहा आणि त्यांचे सहकारी यांनी एका दीर्घिकेचा अतिनील प्रकाश ओळखला. ही दीर्घिका 900 कोटी प्रकाशवर्षांहूनही दूर आहे. आकाशाचा तोच भाग हबलनेही न्याहाळला होता. पण ॲस्ट्रोसॅटच्या उपकरणात नको असलेले संकेत फार कमी होते. त्यामुळे तो क्षीण प्रकाश वेगळा ओळखता आला.

तेव्हा दुर्बिणीचा नुसता आकार पुरत नाही. जागा योग्य हवी, उपकरणही योग्य हवं. आणि एवढं लक्षात ठेवा, जे किरण जमिनीवर येत नाहीत, ते टिपायला वरच जावं लागतं.