मताचा खर्च कुणाच्या पदरचा?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज कापूस-ज्वारीच्या भावाआधी वेगळाच हिशेब मांडायचा आहे. एक मत टाकायला किती पैसे लागतात? तुम्ही म्हणाल, मत फुकट असते. मतपेटीपाशी कुणी पैसे मागत नाही, हे खरे. पण मतपेटीपर्यंत पोचायला जे लागते त्याचा हिशेब आपण कधी मांडलेला नाही.

दाखला पेण आणि रोह्याचा घेऊ. तो खारपाटाचा, भातशेतीचा मुलूख; आपली कोरडवाहू जमीन. पण तिथली गरिबी आणि आपली गरिबी एकाच घरच्या. भात कापून झाले, दिवाळी सरली की तिथल्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर निघतात. त्याच सुमारास आपल्याकडचा कोयता उसाच्या फडाकडे निघतो. त्यांचा भट्टीमालक, आपला मुकादम. अंगठा दोन्हीकडे उचलीच्याच कागदावर.

२०२४ सालचे बघा. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला आले. उसाचा गाळप हंगाम सुरू करायची तारीख ठरली होती १५ नोव्हेंबर. म्हणजे गाडी भरून कारखान्यावर जायचे आणि पाचव्या दिवशी मतासाठी गावी परतायचे! समजा, नवरा-बायको निघाले. जाण्यायेण्याचे भाडे आले. बाईला २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, तेवढा दिलासा. पण एका मतासाठी दोन-तीन दिवसांची तोड बुडते, ती उचलीतून वळती होते आणि मुकादमाची बोलणी वर खावी लागतात. अशा माणसाला ‘मतदान हे पवित्र कर्तव्य आहे’ असे सांगायला आपली जीभ रेटत नाही.

आता दुसरी बाजू. टपालाने मत द्यायची सोय या देशात आहे. ती सैनिकाला आहे, निवडणुकीच्या कामावरच्या नोकराला आहे. सैनिकाची मतपत्रिका २०१६ पासून संगणकावरून जाते आणि टपालाने परत येते. त्या लखोट्याला त्याला पदरचे तिकीट लावावे लागत नाही. थकलेल्या म्हाताऱ्यांना २०१९ पासून घरून मत देता येते. वयाची अट तेव्हा ८० होती, २०२४ मध्ये ती ८५ केली. चाळीस टक्के अपंगत्व असलेल्यांनाही ही सोय आहे. अर्ज केला की मतदानाचे पथक घरी येते, खर्च सरकारचा. हे योग्यच आहे. आमची तक्रार त्यावर नाही. आमचा प्रश्न असा, की ड्युटीवरच्या माणसाचे मत सरकार स्वतःच्या खर्चाने गोळा करते, मग पोटासाठी परमुलखात गेलेल्याचे मत त्याने स्वतःच्या खर्चाने का आणून द्यायचे?

इथे काही जण म्हणतील, आपण तर सूट-सबसिडी मागणारे नाही. मग तिकिटाचे पैसे कशाला मागता? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की ही सबसिडी नव्हे. मत देणे म्हणजे सरकारकडून काही घेणे नव्हे, सरकार नेमणे आहे. चाकर नेमायचा खर्च राज्याच्या तिजोरीतून व्हावा. तिजोरी आपल्याच घामाने भरलेली आहे.

अमेरिकेत हा वाद झालेला आहे. व्हर्जिनिया राज्यात मतासाठी दीड डॉलरची पट्टी भरावी लागे. १९६६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मत आणि पैसा यांचा संबंध लावता येणार नाही, असा त्याचा अर्थ. पण २०२१ साली तिथल्याच एका अपील न्यायालयाने ठरवले, की टपाली मताचे तिकीट हा कर नव्हे. उलट वॉशिंग्टन राज्याने २०१९ साली कायदा करून परतीचा टपालखर्च स्वतःकडे घेतला. न्यायालय काहीही म्हणो, सरकारला मनात आणले तर करता येते.

मग सगळ्यांनाच टपालाने मत द्या, अशी मागणी करावी का? आम्ही म्हणतो, घाई नको. भट्टीवर पन्नास लखोटे आले तर ते कुणाच्या हातात पडतील? मालकाच्या. तिकीट सरकारचे आणि शिक्का मुकादमाचा, असे मत काय कामाचे? गुप्तता नसेल तर फुकटचे टपालही महागच पडेल. म्हणून लखोट्यापेक्षा केंद्र बरे. काश्मीरमधून विस्थापित झालेल्यांसाठी जम्मू आणि दिल्लीत खास मतदान केंद्रे असतात. एकाच ठिकाणाहून ७२ मतदारसंघांची मते घेणाऱ्या यंत्राचा नमुना निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला. राजकीय पक्षांनी शंका काढल्या आणि ते मागे पडले. शंका दूर कराव्यात. मजुराला वाऱ्यावर सोडू नये.

आणि खर्चाची सोय झाली नाही की काय होते? उमेदवाराची जीप येते. मतदारांना फुकट वाहून नेणे हा १९५१ च्या कायद्यात भ्रष्टाचार ठरवलेला आहे. तरी जीप येतेच. जो भाडे भरतो तो मतही आपलेच समजतो. मत गहाण पडते ते इथे.

एका मताची किंमत पेणवाल्यांना विचारा. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला: महामुंबई सेझला जमीन देता की नाही? शेतकऱ्यांनी ‘नाही’ म्हणून सांगितले. पुढे ते भूसंपादन बारगळले. त्या दिवशी भाडे नाही म्हणून निम्मे लोक घरी बसले असते तर?

तेव्हा या बैठकीत चार गोष्टी ठरवू.

एक, टपाली मताला मतदाराने एक पैसाही लावू नये, हा नियम पुढे कुणालाही ही सोय मिळाली तरी कायम राहावा.

दोन, मतदानाच्या दिवशी पगारी सुटीचा कायदा रोजंदारीवाल्यालाही लागू आहे. ती न देणाऱ्याला दंड पाचशे रुपयांपर्यंतच आहे, तो वाढवावा. उचलीच्या बोलीतच ही सुटी लिहून घ्यावी.

तीन, हंगामाची आणि मतदानाची तारीख एकमेकींच्या आड येऊ नयेत. आल्याच, तर कारखान्यावर आणि भट्ट्यांच्या गावी केंद्र द्यावे.

चार, हे होईपर्यंत गावाने वर्गणी काढून आपली माणसे आणावीत, पण उमेदवाराच्या जीपमध्ये बसू देऊ नये.

पहिल्या तीन मागण्या सरकारकडे आहेत. चौथे काम आपले आहे, आणि ते आजच्या बैठकीतून सुरू करता येते.