पालुपद धरणारे



पेडणे आणि डिचोली महालांत चतुर्थीच्या दिवसांत घरोघर घुमटावर आरत्या होतात. घरचे बोलणे कोकणी. आरती मात्र मराठी. सहा-सात वर्षांचे पोर अर्थ न कळताही पालुपद धरते, सर्वांबरोबर थांबते, सर्वांबरोबर पुन्हा उचलते. शाळेत मराठीचे पुस्तक हाती येते तेव्हा त्या भाषेचा हेल त्याच्या कानांत आधीच मुरलेला असतो. हे दोन्ही महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली गेले. तरी भजन-कीर्तनाने मराठीचा धागा तुटू दिला नाही. याचे श्रेय व्याकरणकारांना देता येणार नाही.

मोरजीच्या किनाऱ्यावरील रशियन अक्षरांच्या पाट्या पेडणेकरांना आता नव्या नाहीत. आपल्याकडचे विद्यार्थीही वैद्यकाच्या शिक्षणासाठी रशियात जातात. तेथे व्याख्याने इंग्रजीत झाली तरी खाटेवरचा रुग्ण रशियनच बोलतो. आणि रशियन भाषा आघातावर चालते. 'जामक' म्हटले तर गढी, 'जमोक' म्हटले तर कुलूप. लिहिताना दोन्ही शब्द एकच. अशा भाषेत चूक होईल या धास्तीने विद्यार्थी तोंड मिटून बसतो.

समूहगायनात ही धास्ती ओसरते. 'कात्यूशा' हे १९३८ सालचे गीत घ्या. शब्द इसाकोव्स्कींचे, चाल ब्लांतेर यांची. त्याच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या दोन ओळी दोनदा गातात. नवख्याने पहिल्यांदा ऐकावे, दुसऱ्यांदा सूर मिळवावा. आरतीत वाढलेल्या मुलाला ही रीत कोणी शिकवावी लागत नाही. (लोकगीतांत कधीकधी चालीसाठी आघातच सरकतो, हेही ध्यानात ठेवावे, गाणे म्हणजे शब्दकोश नव्हे.)

मात्र मेळा कोणी भरवला, हे पाहून त्यात शिरावे. ९ मे रोजी, विजयदिनी, चौकांतून युद्धकाळची गाणी होतात. त्यांत महायुद्धात घरचे माणूस गमावलेल्यांचा गहिवर आहे. परंतु २०२२ पासून युक्रेनमध्ये युद्ध चालू असताना तीच गाणी सरकारी व्यासपीठावर निराळा अर्थ धारण करतात. परक्या पाहुण्याचा आवाजही त्या अर्थात मोजला जातो.

समारा शहराजवळ व्होल्गाकाठी भरत आलेल्या मेळ्याची जातकुळी वेगळी. मुलांना नदीतून वाचविताना १९६७ साली बुडालेल्या वालेरी ग्रूशिन या विद्यार्थ्याच्या स्मरणार्थ १९६८ मध्ये त्याच्या मित्रांनी तो सुरू केला. पाण्यावर गिटारच्या आकाराचा तराफा हे व्यासपीठ, समोरच्या टेकडीचा उतार ही बैठक. पण खरी मैफल रात्री तंबूंमधल्या शेकोट्यांभोवती जमते. एकजण गिटार छेडतो, बाकीचे हळूहळू सूर मिळवतात. तेथे येणाऱ्याला परीक्षा नसते. थोडे सरकून जागा करून देतात, हातात चहाचा पेला ठेवतात, आणि पुढचे कडवे सुरू होते.